स्वतःचाच आवाज ऐकू नये म्हणून

४ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन सॅन फ्रान्सिस्कोत जपानबरोबरच्या शांतता परिषदेचं उद्घाटन करायला उभे राहिले आणि ते बोलत असतानाच न्यूयॉर्कच्या घराघरांत टीव्हीवर दिसले. अमेरिकेच्या एका किनाऱ्यावर घडणारी गोष्ट दुसऱ्या किनाऱ्यावर त्याच क्षणी दिसण्याची ती पहिलीच वेळ होती. आकाशात तेव्हा एकही कृत्रिम उपग्रह नव्हता. चित्र जमिनीलगतच गेलं, एका मनोऱ्यावरून दुसऱ्यावर उड्या मारत. दोन किनाऱ्यांच्या मध्ये असे १०७ मनोरे उभे होते, साधारण चाळीस-पन्नास किलोमीटरांवर एक. टेलिफोन कंपनीच्या अभियंत्यांनी या व्यवस्थेला टीडी-२ असं रुक्ष नाव दिलं होतं.

इतके जवळ जवळ मनोरे का? या लहरींची फ्रिक्वेन्सी ३७०० ते ४२०० मेगाहर्ट्झ. एवढ्या उंच पट्टीतल्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात आणि पृथ्वी तर गोल आहे. अठ्ठेचाळीस किलोमीटरांच्या अंतरात मधोमध जमिनीचा फुगवटा सुमारे ४५ मीटर भरतो. तो ओलांडायचा तर दोन्ही टोकांना उंची हवी, आणि उंचीला मर्यादा असते. म्हणून टप्पे.

मला यातलं सर्वांत नवलाचं वाटतं ते मनोऱ्यांचं बळ. प्रत्येक मनोरा फक्त अर्धा वॅट शक्तीने बोलायचा. अर्धा वॅट! अँटेना तो अर्धा वॅट एका अरुंद शलाकेत गोळा करून पुढच्या मनोऱ्याच्या रोखाने सोडायची, आणि तरीही तिकडे पोहोचेपर्यंत त्याचा जेमतेम दहा लाखांवा भाग हाती लागायचा. पुढच्या मनोऱ्याने तो कण उचलायचा, दहा लाख पट मोठा करायचा आणि पुन्हा अर्धा वॅट करून पुढे पाठवायचा. असं शंभरहून अधिक वेळा.

ऐकायला सोपं वाटतं. पण त्या मनोऱ्यावर उभं राहून विचार करा. एका बाजूला तोंड केलेली अँटेना समोरून येणारा मायक्रोवॅटचा अंश ऐकते आहे. काही फुटांवरची दुसरी अँटेना तोच मजकूर दहा लाख पट मोठ्याने ओरडते आहे, थांबून थांबून नाही तर अखंड. त्या ओरडण्याचा दहा लाखांवा भाग जरी मागे झिरपून ऐकणाऱ्या अँटेनात शिरला, तरी तो मूळ संदेशाइतकाच मोठा होतो. मग रिसीव्हर तो उचलतो, पुन्हा दहा लाख पट करतो, तो पुन्हा झिरपतो... सत्यनारायणाच्या पूजेला भाड्याने आणलेला माइक लाउडस्पीकरसमोर नेला की जी कर्कश शिट्टी वाजते, ती याच फेऱ्यातून जन्माला येते. त्या शिट्टीत भटजींचा एक शब्दही उरत नाही.

तेव्हा मनोऱ्याला सर्वांत मोठा धोका वादळाचा किंवा अंतराचा नाही. त्याच्या स्वतःच्या आवाजाचा आहे. बिनतारी दळणवळणाचा जवळजवळ अख्खा इतिहास या एका अडचणीभोवती फिरताना दिसतो: एकाच वेळी बोलायचं आणि ऐकायचं कसं?

टीडी-२च्या अभियंत्यांनी सरळ वाट धरली. ज्या फ्रिक्वेन्सीवर ऐकायचं, तिच्यावर बोलायचं नाही. आलेला संदेश ४० मेगाहर्ट्झ वर किंवा खाली सरकवून पुढे पाठवायचा. ऐकणाऱ्या बाजूला चाळणी लावली की स्वतःचा आवाज चाळणीबाहेर राहतो.

या सरकवण्यात एक देखणी युक्ती दडलेली आहे. संदेश आला की आधी तो खालच्या, हाताळायला सोप्या फ्रिक्वेन्सीवर उतरवावा लागतो, तिथे मोठा करायचा आणि मग परत वर चढवायचा. उतरवायला आणि चढवायला यंत्रात एक ऑसिलेटर लागतो, आणि कुठलाही ऑसिलेटर उन्हाथंडीत किंचित भरकटतोच. १०७ मनोऱ्यांवरचे १०७ ऑसिलेटर आपापल्या मर्जीने भरकटले, तर शेवटच्या मनोऱ्याला संदेश कुठल्या फ्रिक्वेन्सीवर शोधायचा हेच कळणार नाही. म्हणून त्यांनी उतरवायला आणि चढवायला एकच ऑसिलेटर वापरला आणि मधला ४० मेगाहर्ट्झचा फरक वेगळ्या, स्थिर स्फटिकाकडून घेतला. ऑसिलेटरची चूक उतरताना वजा होते आणि चढताना तेवढीच मिळवली जाते. चूक स्वतःच स्वतःला खाऊन टाकते.

आता पुढचा प्रश्न. दर मनोऱ्यावर फ्रिक्वेन्सी बदलायची, तर १०७ मनोऱ्यांना किती फ्रिक्वेन्सी लागतील? उत्तर आहे दोन. पहिला मनोरा ‘वरच्या’ फ्रिक्वेन्सीवर बोलतो आणि ‘खालच्या’वर ऐकतो. दुसरा खालच्यावर बोलतो, वरच्यावर ऐकतो. तिसरा पुन्हा पहिल्यासारखा. मनोरा दोन्ही दिशांना एकाच फ्रिक्वेन्सीवर बोलतो आणि दोन्ही दिशांकडून दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर ऐकतो. अभियंते आजही नकाशावर एका मनोऱ्याला ‘हाय साइट’ आणि त्याच्या शेजाऱ्याला ‘लो साइट’ म्हणतात. खंड ओलांडायला दोन फ्रिक्वेन्सींची जोडी पुरली, आणि अशा कितीतरी जोड्या ५०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात शेजारी शेजारी बसवता आल्या.

या काटकसरीची किंमत मात्र अँटेनाला मोजावी लागली. मधल्या मनोऱ्याकडे पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून येणारे दोन वेगळे संदेश एकाच फ्रिक्वेन्सीवर येतात. पूर्वेकडे तोंड केलेल्या अँटेनाने पाठीमागून येणारा पश्चिमेचा आवाज अजिबात ऐकता कामा नये. टेलिफोन कंपनीच्या बेल लॅब्ज या प्रयोगशाळेत यासाठी हॉर्न-रिफ्लेक्टर नावाची अँटेना वापरात आली. मोठं शिंग उभं करून त्याच्या तोंडावर वाकडा आरसा बसवल्यासारखा तिचा आकार. समोरचं जेवढं ऐकते, त्याच्या सुमारे एक कोटीव्या भागाइतकंच पाठचं ऐकते. याच जातीचं एक प्रचंड शिंग न्यू जर्सीत होल्मडेलला होतं. आर्नो पेन्झियास आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९६४ साली ते आकाशाकडे वळवलं, तेव्हा कुठल्याही दिशेने हटेना अशी मंद खरखर त्यांना ऐकू आली. ती विश्वाच्या जन्मकाळची उरलेली ऊब होती, आणि तिच्यासाठी दोघांना १९७८चं नोबेल मिळालं. साध्या अँटेनात ती खरखर पाठीमागच्या कोमट जमिनीच्या कलकलाटात बुडून गेली असती. पाठचं न ऐकण्याचा गुण टेलिफोनवाल्यांनी शेजारच्या मनोऱ्याला टाळण्यासाठी घडवला होता, आणि तो कामाला आला विश्वाचं बाळपण ऐकायला. असा योगायोग कुणी कादंबरीत घातला तर संपादक काढून टाकेल.

दोन फ्रिक्वेन्सींच्या योजनेत आणखी एक फट होती. अ मनोरा ब-शी वरच्या फ्रिक्वेन्सीवर बोलतो, ब हा क-शी खालच्या, आणि क हा ड-शी पुन्हा वरच्या. म्हणजे ड जी फ्रिक्वेन्सी ऐकतो आहे, तिच्यावर अ-सुद्धा बोलतो आहे. एरवी हरकत नाही, कारण अ आणि ड यांच्या मध्ये दीडशे किलोमीटरांची वाकलेली पृथ्वी असते. पण काही रात्री जमीन लवकर गार होते, तिच्यालगतची हवा गार आणि वरची उबदार राहते, आणि या थरांमधून जाणारी शलाका वाकून जमिनीच्या गोलाईबरोबर सरपटत जाते. अ-चा आवाज ब आणि क यांच्या डोक्यावरून थेट ड-च्या कानात. उपाय फार साधा निघाला. मनोरे सरळ रेषेत उभे करायचेच नाहीत. एक जरा डावीकडे, पुढचा जरा उजवीकडे, म्हणजे अ-ची शलाका कितीही लांब गेली तरी ड-च्या अंगावर पडत नाही. जुन्या मायक्रोवेव्ह मार्गांचा नकाशा पाहिला की तो नागमोडी दिसतो. डोंगर किंवा जमिनीची मालकी हे त्याचं एकमेव कारण नसे. एकसारख्या फ्रिक्वेन्सीचे दोन मनोरे एकमेकांच्या रेषेत येऊ नयेत, हेही असे.

मराठी माणसाच्या घरात टप्प्याटप्प्याने आलेलं चित्र १९५१नंतर दोन दशकांनी शिरलं. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं आणि पुढच्या वर्षी सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे तेच कार्यक्रम पुणेकरांना दिसू लागले.

साखळी सरळ असते तोवर हाय-लोचा खेळ बिनबोभाट चालतो. तिची टोकं जुळवून कडं केलं की गंमत सुरू होते. कडं करायचं कारण व्यवहाराचं आहे: एक टप्पा बंद पडला तर संदेश उलट्या बाजूने फिरवता यावा. समजा कड्यात पाच मनोरे आहेत. पहिला हाय, दुसरा लो, तिसरा हाय, चौथा लो. पाचवा? त्याचा एक शेजारी लो आहे, म्हणून तो हाय हवा. दुसरा शेजारी पहिला मनोरा, तो हाय आहे, म्हणून हा लो हवा. दोन्ही एकदम जमत नाही. एकाच मनोऱ्यावर बोलण्याची आणि ऐकण्याची फ्रिक्वेन्सी एकमेकींच्या उरावर बसतात. सहा मनोऱ्यांचं कडं बिनतक्रार जमतं, सातांचं पुन्हा अडतं. हंगेरीचे गणिती डेनेश क्योनिग यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आलेखांबद्दल जे सिद्ध केलं ते हेच: विषम लांबीचं एकही कडं नसेल तेव्हाच बिंदूंचे दोन असे गट पाडता येतात, की प्रत्येक रेषा एका गटातून दुसऱ्या गटातच जाते. त्यांना मनोऱ्यांशी काही देणंघेणं नव्हतं. पण आजही विषम कडं पुढ्यात आलं की नियोजक एका टप्प्याला निराळाच पट्टा देतो, नाहीतर मध्ये एक जादा मनोरा घालतो. शुद्ध गणितातल्या एका प्रमेयाची किंमत अशी लोखंडात आणि सिमेंटात चुकवावी लागते.

मोठ्या कंपनीच्या मोठ्या मनोऱ्यांची गोष्ट इथवर. दोन फ्रिक्वेन्सी विकत घ्यायची ऐपत नसलेल्यांनी काय करायचं?

विशीतल्या पोराच्या लॅपटॉपमध्ये असायचं तसलं वाय-फायचं स्वस्त कार्ड, त्याला जोडलेली जाळीची डिश, आणि उंच मनोरा. आयआयटी कानपूरच्या ‘डिजिटल गंगेटिक प्लेन्स’ या प्रकल्पाने या सामग्रीवर गंगेच्या सपाट मैदानातली गावं जोडली, काही टप्पे तर चाळीस किलोमीटरांच्या आसपास. वाय-फाय जन्माला आलं ते खोलीतल्या खोलीत चालण्यासाठी, आणि त्याची शिस्तही खोलीतली: बोलण्याआधी कान द्या, कुणी बोलत असेल तर थांबा. मनोऱ्यावर तीन डिश तीन दिशांना लावल्या की ही सभ्यता अंगलट येते. एक डिश बोलू लागली की बाकीच्या दोघी तिचा आवाज ऐकून गप्प बसतात, त्यांची गावं अगदी वेगळ्या दिशांना असली तरी.

भास्करन रामन आणि कामेश्वरी चेब्रोलू या दोघांनी एक साधी गोष्ट हेरली. तिन्ही डिश एकाच वेळी बोलल्या तर काही बिघडत नाही, कारण प्रत्येकीचा आवाज आपापल्या गावी पुरेसा ठळक पोहोचतो. तिन्ही एकाच वेळी ऐकत असतील तरी बिघडत नाही. बिघडतं ते एक बोलते आणि दुसरी ऐकते तेव्हाच. मग नियम करा: एका मनोऱ्यावर एका वेळी सगळे बोलतील किंवा सगळे ऐकतील. शेजारच्या मनोऱ्यावर बरोबर उलटं. ठरावीक वेळाने अदलाबदल. २००५ साली त्यांनी ही पद्धत ‘टू-पी’ या नावाने मांडली. ‘थांबा आणि कान द्या’ ही वाय-फायची मूळ सवय त्यात बंदच करून टाकली होती. महागडी घड्याळंही लागत नाहीत: माझं बोलून झालं, असा खुणेचा संदेश आला की शेजारी बोलायला सुरुवात करतो.

आणि या पद्धतीची अट काय? मनोऱ्यांचे दोन गट पाडता आले पाहिजेत, प्रत्येक टप्पा एका गटातून दुसऱ्या गटात गेला पाहिजे, विषम कडं चालणार नाही. १९५१चे हाय आणि लो इथे ‘आत्ता’ आणि ‘नंतर’ होऊन पुढ्यात उभे! फ्रिक्वेन्सीत पाडलेली फूट वेळेत पाडली, बाकी गणित एका अक्षराने बदललं नाही. फ्रिक्वेन्सी आणि वेळ या दोन अगदी निराळ्या गोष्टी वाटतात, पण आपल्याच आवाजापासून पळणाऱ्या यंत्राच्या दृष्टीने ते एकाच घराचे दोन दरवाजे आहेत.

रामन आणि चेब्रोलू पुढे आयआयटी मुंबईत आले. त्याच संस्थेच्या ‘ग्राम मार्ग’ या प्रकल्पाने पालघर जिल्ह्यातल्या गावांत टीव्हीच्या रिकाम्या पडलेल्या यूएचएफ पट्ट्यातून इंटरनेट नेऊन दाखवलं. त्या लहरी झाडीतून आणि चढउतारातून वाय-फायपेक्षा सुखाने जातात. तमिळनाडूत थेनीच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने लांब पल्ल्याच्या वाय-फायवर खेड्यातल्या केंद्रांतले रुग्ण शहरातल्या डॉक्टरांना दाखवले, तिथेही बर्कलीच्या संशोधकांनी वेळेचेच तुकडे पाडले होते.

आता फ्रिक्वेन्सीच्या चाळणीकडे जरा थांबून पाहू, कारण आश्चर्य तिथे साठलेलं आहे. हौशी ‘हॅम’ रेडिओवाले डोंगरावर रिपीटर बसवतात. तो १४५ मेगाहर्ट्झच्या आसपास ऐकतो आणि फक्त ०.६ मेगाहर्ट्झ बाजूला बोलतो, तेही बहुधा एकाच अँटेनातून. बोलणं वीस वॅटचं. ऐकणं वॅटच्या दशलक्षांशाचाही अब्जांश, असे दोन-तीन कण. दोहोंतलं गुणोत्तर कित्येक कोटी कोटी पट. यांना वेगळं ठेवतो तो डुप्लेक्सर: आतून चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्या-पितळेच्या नळकांड्यांची रांग. प्रत्येक नळकांडं अर्ध्या मीटरच्या आसपास उंच, कारण त्याची उंची लहरीच्या पाव भागाएवढी लागते. आतली दांडी केसभर वरखाली केली की ते एका फ्रिक्वेन्सीवर घुमतं आणि दुसरीला दाबतं. उन्हात धातू प्रसरण पावला की सूर बिघडतो, म्हणून दांडी बहुधा इन्व्हार या जवळजवळ न फुगणाऱ्या मिश्रधातूची असते. सहा नळकांडी जोडून ठेवली तर एक माणूस कष्टाने उचलेल.

तुमच्या खिशातल्या मोबाइललाही हेच करायचं असतं. भारतातल्या ९०० मेगाहर्ट्झच्या जुन्या पट्ट्यात फोन ८९० ते ९१५वर बोलतो आणि ९३५ ते ९६०वर ऐकतो, जोडीतल्या दोन फ्रिक्वेन्सींत ४५ मेगाहर्ट्झचं अंतर. फोनला खालचा भाग मुद्दाम दिलेला आहे. खालची लहर वाटेत किंचित कमी हरवते, आणि ती सवलत बॅटरीवर जगणाऱ्या दुबळ्या बाजूला द्यावी हा शहाणपणा आहे. पण अर्ध्या मीटरची नळकांडी खिशात कशी मावणार? इथे अभियंत्यांनी केलेली गोष्ट मला जादूच्या जवळची वाटते. ते रेडिओ लहरीचं रूपांतर एका स्फटिकाच्या पृष्ठभागावरच्या कंपनात करतात. कंपन म्हणजे ध्वनीच, फक्त सेकंदाला ९० कोटी वेळा थरथरणारा, कुणाच्याही कानाला न ऐकू येणारा. प्रकाशाच्या वेगाने जाणाऱ्या रेडिओ लहरीपेक्षा ध्वनी स्फटिकात सुमारे पाऊण लाख पटीने सावकाश चालतो, म्हणून त्याची लहरही तेवढ्याच पटीने आखूड. हवेत तेहतीस सेंटिमीटर लांबीची लहर स्फटिकावर मीटरच्या दशलक्षांशाच्या चार-साडेचार पट उरते. नळकांड्यांचं अख्खं कपाट तांदळाच्या दाण्यात मावतं. तुम्ही फोनवर बोलता तेव्हा तुमचा आवाज आधी वीज होतो, मग रेडिओ लहर होता होता वाटेत पुन्हा क्षणभर ध्वनी होतो, आणि मग हवेत उडतो.

नव्या जाळ्यांनी मात्र वेळेचा दरवाजा जास्त पसंत केला आहे. भारतातला ५जीचा मुख्य पट्टा, ३.३ गिगाहर्ट्झच्या पुढचा, दोन्ही दिशांना एकच आहे. काही क्षण टॉवर बोलतो, काही क्षण फोन बोलतात, आणि दोहोंच्या मध्ये थोडी शांतता राखलेली असते. ती शांतता प्रकाशाच्या वेगाने जाणाऱ्या लहरींना प्रवास करता यावा म्हणून. त्यांना एका किलोमीटरला ३.३ मायक्रोसेकंद लागतात, आणि लांबचा आवाज येऊन पोहोचायच्या आत आपण बोलायला लागलो तर सगळं मुसळ केरात. शहरातले सगळे टॉवर एका तालात हवेत, शेजारच्या कंपनीचेसुद्धा. नाहीतर एकाचं बोलणं दुसऱ्याच्या ऐकण्यावर पडतं. ताल धरायला बहुतेक वेळा उपग्रहांवरच्या अणुघड्याळांचा आधार घेतात.

चीनमधल्या ४जी जाळ्यांना याचा विचित्र फटका बसला. हवामानाच्या काही विशिष्ट स्थितीत शंभराहून अधिक किलोमीटरांवरच्या टॉवरांचं बोलणं हवेच्या थरातून सरपटत आलं आणि राखीव शांतता ओलांडून ऐकण्याच्या वेळेत घुसलं. तीच उबदार हवा, तीच वाकलेली शलाका! नागमोडी मनोऱ्यांची युक्ती इथे चालत नाही, कारण फोन चारी दिशांना असतात. ५जीच्या मानकांच्या ‘रिलीज १६’ या आवृत्तीत अशा दूरच्या आगंतुकांना ओळखून त्यांना आवरण्याची पद्धत घालावी लागली.

टप्प्याटप्प्याच्या मोबाइल जाळ्याची कल्पनाही याच वळणाने पुढे सरकली. तार किंवा फायबर न पोहोचलेल्या जागी एक छोटा टॉवर, म्हणजे रिले, उभा करायचा. तो वरच्या टॉवरकडून बिनतारी घेईल आणि फोनना बिनतारी देईल. वायमॅक्स या बिनतारी इंटरनेटच्या तंत्राच्या २००९च्या ८०२.१६जे या मानकाने वेळेच्या चौकटीत यासाठी वेगळे कप्पे पाडले: एकात रिले वरच्याशी बोलतो, दुसऱ्यात आपल्या ग्राहकांशी. ४जीमध्ये अडचण वेगळी होती. रिले वरच्या टॉवरचं ऐकत असताना त्याला गप्प राहावं लागतं, पण त्याच्यावर विसंबलेले जुने फोन टॉवरचा आवाज सतत ऐकण्याच्या सवयीचे. आवाज गेला तर फोनना वाटेल टॉवरच मेला. तेव्हा रिले चक्क थाप मारतो. तो फोनना कळवतो की आता येणारा क्षण टीव्हीसारख्या सामुदायिक प्रक्षेपणासाठी राखून ठेवलेला आहे, तुमच्यासाठी त्यात काही नाही, कान मिटून घ्या. फोन निमूटपणे ऐकतात. प्रक्षेपण वगैरे काही नसतं, रिलेने तेवढ्यात वरच्याकडे कान वळवलेला असतो. मानकांच्या रुक्ष पानांत असला चावटपणा सापडला की मला फार बरं वाटतं.

वेळ वाटून घेण्याचा तोटा उघड आहे. एकच फ्रिक्वेन्सी असलेल्या लांब साखळीत एका टप्प्यावर बोलणं चालू असताना आजूबाजूच्यांना गप्प राहावं लागतं. एमआयटीच्या संशोधकांनी २००१ साली दाखवलं की वाय-फायच्या साखळीत आदर्श परिस्थितीतही मूळ वेगाचा चौथा हिस्सा उरतो, आणि वाय-फायच्या प्रत्यक्ष शिस्तीत तर सुमारे सातवाच. त्याच्या आदल्या वर्षी पीयूष गुप्ता आणि पी. आर. कुमार यांनी याहून मोठा धक्का दिला होता. जाळ्यात जितके जास्त रेडिओ, तितका प्रत्येकाच्या वाट्याला येणारा वेग कमी, आणि तुम्ही कितीही हुशारीने वाटे पाडले तरी त्यातून सुटका नाही. शेजाऱ्यांचं निरोप्याचं काम करण्यातच प्रत्येकाचा वेळ जातो. घरात वाय-फायचे तीन डबे साखळीने लावल्यावर शेवटच्या खोलीत इंटरनेट का रांगतं, याचं उत्तर यातच आहे. जरा महागड्या डब्यांत आपापसात बोलायला वेगळा रेडिओ असतो, म्हणजे पुन्हा फ्रिक्वेन्सीचा दरवाजा.

तिसरा दरवाजा नाही का? आहे, आणि तो सर्वांत जुना आहे. स्वतःचा आवाज टाळायचा नाही, वजा करायचा. आपण काय बोललो हे तर आपल्याला ठाऊकच असतं. १८५३ साली व्हिएन्नाच्या युलियस गिंटल यांनी एकाच तारेवरून दोन्ही दिशांना एकाच वेळी तार पाठवण्याचा प्रयोग केला, तो याच तत्त्वावर. अमेरिकेत जोसेफ स्टर्न्स यांनी १८७२मध्ये त्याला व्यवहारात उतरवलं. टेबलाखाली खऱ्या तारेची हुबेहूब नक्कल करणारी खोटी तार ठेवायची, आपला संदेश दोन्हींत सारखा वाटायचा, म्हणजे आपल्या यंत्रावरचा त्याचा परिणाम शून्य होतो आणि उरतं फक्त समोरच्याचं. भारतातल्या सरकारी तारखात्याच्या लुई श्वेंडलर यांनी १८७४ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात या दुतर्फा तारेचं गणित मांडलं होतं.

तारेत जे दीडशे वर्षांपूर्वी जमलं, ते हवेत नीट जमायला २०१० उजाडलं. स्टॅनफर्डच्या एका गटाने एका ऐकणाऱ्या अँटेनाच्या दोन बाजूंना दोन बोलणाऱ्या अँटेना ठेवल्या. त्यांच्या अंतरांत बरोबर अर्ध्या लहरीचा फरक होता. ऐकणाऱ्या अँटेनापाशी एकीचा चढ दुसरीच्या उताराला भेटतो आणि दोन्ही विझतात. २०१३ साली त्याच विद्यापीठात दिनेश भराडिया, एमिली मॅकमिलिन आणि सचिन कट्टी यांनी एकाच अँटेनावर स्वतःचा आवाज ११० डेसिबलने, म्हणजे दहा हजार कोटी पटीने, दाबून दाखवला. अडचण अशी की आपण काय बोललो हे रेडिओला ठाऊक असलं, तरी आपल्या बोलण्याचं हवेत जाईपर्यंत काय झालं हे ठाऊक नसतं. अँप्लिफायर त्यात स्वतःची खरखर मिसळतो, भिंती त्याचे पडसाद परत पाठवतात, दारातून कुणी गेलं तरी पडसाद बदलतो. त्यामुळे वजाबाकी एका पायरीत होत नाही. आधी तारेतच ढोबळ, मग गणिताने बारीक, आणि दर क्षणी नव्याने.

या वजाबाकीचं एक साधं रूप मोबाइल कंपन्यांच्या रिपीटरमध्ये आधीपासून आहे. बाजारात बेकायदा विकले जाणारे स्वस्त ‘बूस्टर’ तेवढं करत नाहीत. गच्चीवरची आणि घरातली अँटेना जवळ आल्या की ते शिट्टी घालू लागतात. घरमालकाला काहीच ऐकू येत नाही, मात्र अख्ख्या वस्तीचे फोन टॉवरपर्यंत पोहोचेनासे होतात.

५जीच्या अलीकडच्या आवृत्त्यांत टॉवरसाठी मध्यममार्ग घडवला जातो आहे. एकाच क्षणी टॉवर पट्ट्याच्या कडेच्या भागांत बोलेल आणि मधल्या चिंचोळ्या भागात ऐकेल, दोहोंच्या मध्ये राखीव फट ठेवून, आणि तरीही झिरपेल तेवढं वजा करून. यात फ्रिक्वेन्सीची फूट, वेळेचे कप्पे, अँटेनांमधलं अंतर आणि वजाबाकी, चारही एकत्र आली आहेत. ही कसरत टॉवरने करायची आहे. या योजनेत फोनवर भार टाकलेला नाही, तो आपल्या वाट्याच्या कप्प्यात एकतर बोलेल नाहीतर ऐकेल. पण शेजारचा फोन नेमका त्याच क्षणी ऐकत असेल आणि तुम्ही त्याच्यापासून दोन हातांवर बोलत असाल, तर त्याच्या कानांचं काय करायचं, यावर अभियंत्यांची सध्या खलबतं चालू आहेत.